वहिनीची काळी पूड

आमच्या वहिनीने आयुष्यभर एकच काम केलं. एक काळी पूड केली. ती पूड डिंकासारख्या चिकट द्रवात कालवायची, ॲल्युमिनियमच्या पातळ फॉइलवर एकसारखी पसरायची, वाळवायची आणि त्या फॉइलच्या चकत्या कापून बॅटरीत घालायच्या. एवढं शिकून शेवटी रंगकामच का, असं मी तिला तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं. ती म्हणाली, हो वन्सं, फक्त वाळल्यावर त्या रंगातून वीज यावी लागते. हा तिचा एकुलता एक विनोद. पुढे घरी आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला तो तिने ऐकवला.

मी तिची नणंद. नणंद भावजयीची हकीकत सांगतेय म्हटल्यावर थोडं तिखटमीठ लागणारच, ते तुमचं तुम्ही झटकून घ्या. पण एक सांगते, त्या पुडीने माझ्या आयुष्याचा जेवढा भाग खाल्ला तेवढा कोणाच्याच खाल्ला नसेल, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क माझ्याइतका कोणाला नाही.

वहिनी एका संशोधन संस्थेत होती. मागच्या इमारतीत तळमजला, खिडक्यांना जाळ्या, आणि आत भट्ट्यांची ऊब. त्या काळात सगळं जग लिथियमच्या मागे लागलेलं. वहिनी म्हणायची, लिथियम मोजक्या ठिकाणी सापडतं, सोडियम मात्र मिठात आहे, समुद्र आहे तिथे आहे. मग सगळे तेच का नाही वापरत, असं मी विचारलं. कारण सोडियम अंगाने थोराड. बॅटरी भरताना ते पुडीतून बाहेर पडतं आणि वापरताना परत आत येतं. जाड्या पाहुण्याने रोज दारातून ये-जा केली तर एक दिवस चौकट खिळखिळी होणारच. तशी ती पूड आतून खिळखिळी होते, तडकते, आणि बॅटरी म्हातारी होते. चौकट हलणार नाही अशी पूड करायची, हे वहिनीचं काम. संस्थेत लोक तिला मीठबाई म्हणत. प्रेमाने म्हणतात, असं ती सांगायची. मी एकदा तिथे जाऊन ऐकलं, मला प्रेम काही दिसलं नाही.

पूड करायची तर मँगनीज, निकेल, चिमूटभर मॅग्नेशियम आणि सोडा, तोच धुण्याचा, फक्त अगदी शुद्ध. हे सगळं दळायचं, वड्या दाबायच्या, भट्टीत भाजायच्या, परत दळायच्या, चाळायच्या. आणि एवढं करून तिला हवा सोसत नाही. दमट हवा लागली की पूड पाणी पिते, मग द्रवात कालवली की दह्यासारखी घट्ट धरते आणि फॉइलवर पसरतच नाही. सगळी फेकून द्यायची. त्यामुळे आभाळ भरलं की वहिनी बरणी उघडत नसे, आणि त्या दिवशी घरी तिचा चेहरा आभाळापेक्षा भरलेला असे. हीच शिस्त ती घरातही लावायची. चहाचा डबा, साखरेचा डबा, साधा बटणांचा डबा, सगळ्यांची झाकणं अशी आवळून लावायची की दादाला डबा गुडघ्यात धरून उघडावा लागे. दादा म्हणजे माझा भाऊ, तिचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करायचा. चार मजल्यांखालून ओरडला तरी वरच्यांना ऐकू जाईल असा त्याचा आवाज होता.

तिचं सगळ्यात अवघड काम काचेच्या बंद पेटीत चाले. पेटीला दोन भोकं, त्यांना खांद्यापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे बसवलेले. बाहेरून हात घालायचे आणि आतली हवा न हलवता काम करायचं. ती पेटी कुठल्या उंच पुरुषाच्या मापाने केली होती कोण जाणे. वहिनी लाकडी पाटावर उभी राहून हात घालायची, मोज्यांची बोटं तिच्या बोटांच्या पुढे रिकामी लोंबायची, आणि त्या रिकाम्या टोकांनी ती मुगाएवढी वस्तू उचलायची. मी शिवणकाम करते, म्हणून तिने मला आतून घालायचे सुती मोजे शिवायला सांगितले, बोटांच्या टोकांना कापूस भरून. पहिला जोड मी तळव्याच्या मापाने शिवला आणि तो अंगठ्यात अडकला. तेव्हा माप घ्यायला मी तिच्या कामावर गेले आणि ते काम पाहिलं.

तिने लोण्यासारख्या मऊ धातूचा तुकडा घेतला, लाटण्याने लाटून पत्रा केला, चकती कापली. ते सोडियम. खाली ती चकती, मध्ये काचेच्या कापसाचा गोल तुकडा, त्यावर औषधासारखे चार थेंब, वर तिची काळी चकती, आणि बटणाएवढ्या डबीत हे सगळं ठेवून दाबून बंद. झाला सेल. मी विचारलं, बॅटरीत खरोखर असाच पत्रा असतो का? ती म्हणाली, नाही, खऱ्या बॅटरीत समोर कोळशाची चकती असते. हा पत्रा नुसता परीक्षेपुरता. शितावरून भाताची परीक्षा करतात तसं. मला ते पटलं. मला कळत काय होतं म्हणून पटू नये?

सेल झाला की तारा लावून मांडणीवर ठेवायचा, आणि मग वाट पाहायची. भरायचा, रिकामा करायचा, परत भरायचा. हे यंत्र करतं, माणसाने फक्त थांबायचं. महिनोन्‌महिने थांबल्यावर कळतं की पूड टिकली की गेली. मग मॅग्नेशियम किंचित वाढवायचं किंवा भट्टी किंचित कमी तापवायची, आणि पुन्हा थांबायचं. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. मी कधीकधी विचार करते, एवढ्या वर्षांत वहिनीने त्या पुडीला प्रश्न विचारले तरी किती असतील? हातापायांच्या बोटांत मावले असतील. बाकी सगळं थांबणं. एखादा माणूस यात वेडा झाला असता. ती नुसती दमत गेली.

दादाला झटका आला तेव्हा मी त्यांच्याच घरात पुढच्या खोलीत मशीन टाकून राहत होते. माझं लग्न झालेलं नव्हतं आणि त्याचं दुःख मला सोडून सगळ्यांना होतं. दादाची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एवढ्या बोलक्या माणसाकडे एकच शब्द शिल्लक राहिला: ‘बरं’. जेवतोस का, बरं. दुखतंय का, बरं. मेलास का, असं मी एकदा वैतागून विचारलं, तर त्यालाही बरं. तो रुग्णालयातून घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीला मांडणीवरचे सेल काढायला जायचं होतं. न काढले तर कित्येक महिन्यांचं थांबणं वाया. ती दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, जा तू, मी आहे. मी त्या दिवसापुरतं म्हटलं होतं.

त्यानंतर ती रोज जात राहिली आणि मी रोज होते. माझी मशीन पुढच्या खोलीतून मागे दादाच्या पलंगाशेजारी आली. पँट आखूड करायची, चेन बदलायची, मध्येच उठून त्याला कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, परत येऊन बसायचं. तो अंगाने वाळला नाही, उलट बसून बसून जड झाला. त्याला खुर्चीत बसवून अंघोळीला न्यायचं म्हणजे माझ्या कमरेचा निकाल. वहिनी संध्याकाळी येऊन त्याचं जेवण भरवायची, कपडे बदलायची, ती काही अंग चोरणारी नव्हती. पण दिवस मोठा असतो आणि तो माझ्या वाट्याला होता.

माझी एक बालमैत्रीण आहे. अंगाने एवढी बारीक की शाळेतच तिचं नाव टाचणी पडलं. तिचं दुसऱ्या गावात शिवणाचं छोटं दुकान, वर एक खोली. तिची नजर अधू होत चालली, तशी ती मला म्हणू लागली, ये, दोघी मिळून चालवू, वरची खोली तुझी. मी हसण्यावारी न्यायची. मग एक दिवस दादाचे पाय पुसता पुसता वहिनी आपणहून म्हणाली, वन्सं, मी रिटायर झाले की तुम्ही मोकळ्या, टाचणीकडे जा, ह्यांचं मी बघेन. मी काही मागितलं नव्हतं. पण दिलेला शब्द मी गाठीला बांधून ठेवला आणि त्या गाठीवर जगले. टाचणीला कळवलं. ती म्हणाली, तुझी भावजय घरी बसेपर्यंत थांबते, त्यापुढे नाही, मग माझ्या भाचीला बोलावते. तिचंही खरं होतं.

शेवटच्या वर्षी पूड जमली. वहिनीने घरी आलेख आणून दाखवला, दर भरण्याला सेल किती वीज धरतो त्याचा. आधीच्या सगळ्या रेघा उताराला लागायच्या, ही रेघ सरळ चालली होती. संस्थेत साहेब खूश. साहेब वहिनीपेक्षा बराच लहान. नवा होता तेव्हा सेल दाबायला तिच्याच हाताखाली शिकला, पुढे खुर्चीवर बसला. माणूस वाईट नव्हता. त्याने एका कारखान्याला गाठलं. विजेवरच्या छोट्या गाड्या आणि दिवे चालवायच्या बॅटऱ्या करणारा कारखाना, स्वस्त पुडीच्या शोधात. त्यांची माणसं येऊन पाहून जाणार होती. मीठबाईचं मीठ शेवटी बाजारात जाणार, असं संस्थेत सगळे म्हणायला लागले आणि त्या वेळी बहुधा प्रेमानेच म्हणाले असतील. मी नवी बॅग घेतली. ती पलंगाखाली ठेवली आणि झाडताना रोज बाहेर काढून परत आत सारली.

कारखान्याची माणसं यायच्या आधी वहिनीने एक उद्योग केला. कोणी सांगितलं नव्हतं. तिने आपली पूड खऱ्या जोडीदारासमोर लावून पाहिली, सोडियमच्या पत्र्याऐवजी कोळशासमोर. साहेब म्हणाला होता की ते कारखानेवाले करतीलच, आपण कशाला घाई करायची? त्या धंद्यात ही रीतच आहे म्हणे. सगळे पत्र्यासमोर तपासतात, कोळशाचं पुढे पाहू म्हणतात. वहिनीही इतकी वर्षं तेच म्हणत आली होती. पण जाता जाता आपल्या डोळ्यांनी पाहावं असं तिला वाटलं. मी असते तर पाहिलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या संध्याकाळी ती आली ती चपला न काढता दादाच्या पलंगावर बसली. मी दादाला भरवत होते. तिने चमचा माझ्या हातून घेतला, आणि मग तो हातातच राहिला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, पूड उपाशी राहते. दोन दिवसांनी मीच खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं, आणि मला समजेपर्यंत सांगितलं, हा तिचा चांगला गुण.

कोळशाची एक खोड आहे. पहिल्यांदा बॅटरी भरली की आलेल्या सोडियमपैकी थोडं तो गिळतो आणि कधीच परत देत नाही. खऱ्या बॅटरीत सोडियम येतं ते फक्त पुडीतून. म्हणजे पुडीत जेवढं होतं त्यातलं थोडं कायमचं गेलं, आणि उरलेल्यात संसार करायचा. पत्र्यासमोर हे कळतच नाही, कारण पत्रा म्हणजे नुसतं सोडियम. पुडीला जेवढं कमी पडेल तेवढं तो देतो, कधी संपत नाही. हे तिला माहीत नव्हतं असं नाही, सगळ्यांनाच माहीत असतं. तिला लागलं ते वेगळंच. पुडीत सोडियमच्या काही जागा मुळात रिकाम्या ठेवल्या की चौकट कमी हलते, असं तिला पूर्वी दिसलं होतं. म्हणून दर बदलात तिने त्या जागा थोड्या थोड्या वाढवल्या. दर वेळी परीक्षेत पूड अधिक टिकली, कारण रिकाम्या जागा समोरचा पत्रा भरून देत होता. म्हणजे जी सुधारणा म्हणून ती वर्षानुवर्षं करत होती, तिच्यामुळे पूड अधिकाधिक उपाशी होत गेली. तिच्या जुन्या कपाटातली टाकाऊ पूड खऱ्या बॅटरीत कदाचित हिच्यापेक्षा बरी चालली असती.

‘इतकी वर्षं मी तिला दुसऱ्याच्या जिवावर जगायला शिकवत होते,’ वहिनी म्हणाली.

मला तिचं फार वाईट वाटलं. खोटं का बोलू, त्याच्या मागोमाग मला पलंगाखालची बॅग आठवली. पूड बिघडली तर बिघडली, ती रिटायर तर होणारच, असं मी मनाशी म्हटलं आणि निर्धास्त झोपले.

तिने साहेबाला सगळं सांगितलं, कारखान्याच्या माणसांसमोर सांगितलं. तिला वाटलं होतं आता छी-थू होईल. झालं उलटंच. कारखान्याचा माणूस म्हणाला, आम्हाला याची कल्पना होती, सगळ्यांच्याच पुडींचं असं होतं, निदान तुम्ही आपण होऊन बोललात. यावर उपायही आहे म्हणे. पुडीत एक खास मीठ मिसळायचं, ते पहिल्याच भरण्यात स्वतः मोडतं, आपलं सोडियम कोळशाला देऊन टाकतं आणि वायू होऊन निघून जातं. कोळशाचं पोट भरलं की पूड मोकळी. मात्र कोणतं मीठ, किती, कसं, हे जमवायला दोन-तीन वर्षं लागणार. ज्यांनी पूड केली त्या बाई राहणार असतील तर आम्ही थांबतो, असं तो म्हणाला. साहेबाने त्याच दिवशी वहिनीच्या मुदतवाढीचं वर कळवलं.

यातलं एक अक्षर वहिनीने मला सांगितलं नाही. ती गप्प गप्प येई, जाई. मला वाटे पुडीचं दुःख आहे. मग एका सुट्टीच्या दिवशी दुपारी घरचा फोन वाजला. वहिनी दादाला अंघोळ घालत होती, म्हणून मी घेतला. साहेब होता. म्हणाला, ताई, तुम्ही तरी त्यांना समजवा, त्या हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत, आयुष्याचं काम आहे त्यांचं, असं हातातोंडाशी आलेलं सोडून कसं चालेल. मुदत किती, असं मी विचारलं. त्याने सांगितलं. मी फोन ठेवला आणि मशीनवर जाऊन बसले. टाचणी दोन-तीन वर्षं थांबणार नव्हती. आणि माझी कंबरही थांबणार नव्हती.

वहिनी दादाला खुर्चीतून ढकलत आणत होती. मी म्हटलं, साहेबाचा फोन होता. तिला कळलं. तिने दादाला पलंगावर घ्यायला मला खूण केली, आम्ही दोघींनी त्याला उचललं, उशा लावल्या. रोजचं काम ते, भांडण असलं तरी करावं लागतं. मग मी बोलायला लागले आणि थांबलेच नाही. मी काय काय बोलले ते इथे सांगण्यात अर्थ नाही, नणंदा बोलतात तेच. शब्द फिरवलास, मला गृहीत धरलंस, माझं काय ते कोणी विचारलं नाही. आणि शेवटी म्हटलं, ‘म्हणजे तुझा तो पत्रा मीच. द्यायचं, द्यायचं, आणि कधी संपायचं नाही.’

मला वाटलं ती म्हणेल, असं काय बोलता वन्सं. भावजयीने तेच म्हणायचं असतं. ती म्हणाली, ‘माझ्या मनात आलं होतं ते. कोळशाचा सेल पाहिला त्याच दिवशी आलं होतं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.’

मग ती दादाच्या पायाशी बसली. केस ओले होते, हातांना साबण तसाच. म्हणाली की तिला राहायचंय. फार राहायचंय. आता कुठे खरा प्रश्न सापडलाय, आतापर्यंतचे सगळे चुकीच्या परीक्षेला दिलेले पेपर होते. घरी बसली तर तिला सकाळ कशी काढायची ते कळणार नाही. पण घर कसं चालेल हे तिने कधी बघितलंच नाही, ते चालतच होतं. दादासाठी बाई ठेवायचा विचार तिने केला, दोघींना विचारूनही पाहिलं, दादाचं वजन ऐकून कोणी तयार होईना. हे सगळं तिने खाली बघून सांगितलं. आणि मग वर बघून विचारलं:

‘तुम्हाला काय हवंय, वन्सं?’

त्या घरात हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारला होता का, मला आठवत नाही. आणि मला माहीत होतं यावर काय म्हणायचं असतं. राहा तू, काम पुरं कर, माझं काय, मी आहे. इतकी वर्षं म्हणून म्हणून ते वाक्य जिभेवर पाठच होतं. तिचा चेहरा एवढा थकलेला होता की कोणालाही ते म्हणावंसं वाटलं असतं. मलाही वाटलं.

‘मला जायचंय,’ मी म्हटलं.

‘बरं,’ दादा म्हणाला.

आम्ही दोघी हसलो. हसू आवरेना, आणि मग वहिनीचं हसू रडण्यात गेलं. मी तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर मी गेले नसते. मी आत जाऊन चहा ठेवला.

तिने मुदतवाढ नाकारली. साहेब घरी आला, कारखान्याच्या माणसाचाही फोन आला, ती त्यांना शांतपणे नाही म्हणाली आणि कारण सांगितलं नाही. शेवटचे काही दिवस तिने पूड करायची सगळी रीत हाताखालच्या लोकांना दाखवण्यात घालवले. कपाटातल्या जुन्या बरण्याही काढून दिल्या, रिकाम्या जागा कमी असलेल्या. ती घरी आली त्या दिवशी तिच्या हातात संस्थेने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं. ते तिने कपाटावर ठेवलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, दाखवा वन्सं, दुपारचं काय काय असतं. मी तिला दुपार दाखवली. कोणत्या वेळी कुठल्या कुशीवर, कधी उन्हात, गोळी कशात मिसळून. तिने एकदा ऐकलं आणि चूक केली नाही. तशी ती हुशार आहेच.

मी टाचणीकडे आले. इथे मी सुखात आहे. कोणाला बोचत असेल तर बोचो. वरच्या खोलीत एक खिडकी आहे, सकाळी मी माझ्या मनाने उठते, खाली येऊन दुकानाचं दार वर सारते, आणि दिवसभर जे कपडे शिवते ते मध्ये उठून सोडावे लागत नाहीत. माझी कंबर अजून दुखते, पण कोणाला उचलल्यामुळे दुखत नाही. टाचणी फार बोलते. तिला बोलू द्यावं लागतं.

वहिनी आठवड्यातून एकदा फोन करते. दादाने डावा हात कसा हलवला, शेजारच्यांनी काय म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले. पुडीचं मी विचारत नाही आणि ती सांगत नाही, असं बरेच महिने चाललं. परवा तिने आपणहून विषय काढला. साहेबाचा फोन आला होता म्हणाली. संस्थेतल्या लोकांनी खास मीठ मिसळलेले पहिले सेल कोळशासमोर लावलेत, तिच्या जुन्या बरणीतली पूड वापरून. रेघ सरळ चाललीये. खरीखुरी सरळ. साहेब म्हणाला, मीठबाई, एकदा येऊन पाहून जा, तुम्ही पाहायला हवं.

‘मग? गेली होतीस?’ मी विचारलं.

‘ह्यांच्याजवळ कोण बसणार?’ वहिनी म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. तिला टोमणे येतच नाहीत, नाहीतर आमचं एवढी वर्षं पटलं नसतं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं एवढंच काम होतं. तेवढंही जमलं नाही तिला. आयुष्यात पहिल्यांदा खरी चाललेली ती रेघ, आणि ती तिने फोनवर ऐकली.

मी येते दोन दिवस, तू जाऊन ये, हे वाक्य अगदी ओठांवर आलं. टाचणी समोर बसून माझ्याकडे पाहत होती. मी ते परत आत सारलं. मी काय म्हणणार होते ते पलीकडे वहिनीला समजलं असणार.

‘नका येऊ, वन्सं,’ ती म्हणाली. ‘आलात तर मी तुम्हाला परत जाऊ देणार नाही.’